दप्तरातून घरात : म्यामिया सेंटरची वाटचाल

1972 साली ओक्लाहोमातल्या मायामी जमातीचे प्रमुख फॉरेस्ट ओल्ड्स काही कामानं सिनसिनाटीला आले होते. तिथून तासाभराच्या वाटेवर, ओहायो राज्यातल्या ऑक्सफर्ड या लहानशा गावात, त्यांच्या जमातीचं नाव लावणारं एक विद्यापीठ होतं. ओल्ड्स कुणालाही न कळवता तिथे जाऊन थडकले. (फ्लॉरिडातल्या मायामी शहराशी या विद्यापीठाचा काही संबंध नाही.) 1809 मध्ये सनद मिळालेल्या या विद्यापीठानं दीडशेहून अधिक वर्षं ज्या लोकांचं नाव मिरवलं, त्यांचा प्रमुख आपणहून दारात उभा होता. त्या भेटीतून एक नातं सुरू झालं आणि पुढे त्याच नात्यातून म्यामिया सेंटर उभं राहिलं. बोलणारं कुणीही न उरलेली भाषा आज काही घरांत, शिबिरांत आणि वर्गांत पुन्हा ऐकू येते, ती या सेंटरच्या आणि जमातीच्या श्रमांमुळे.

पण ज्या जमातीचा मुलूख ओहायो-इंडियानात, तिचा प्रमुख ओक्लाहोमात कसा? या लोकांचं स्वतःसाठीचं नाव म्यामिया. वॉबॅश नदीचं खोरं हा त्यांचा देश, आणि आज जिथे फोर्ट वेन शहर आहे तिथे त्यांचं मुख्य गाव होतं. 1791 मध्ये त्यांच्या लिटल टर्टल या सेनानीनं शेजारच्या जमातींच्या साथीनं अमेरिकेच्या सैन्याचा असा पराभव केला की तसा दारुण पराभव त्या सैन्याला मूळ रहिवाशांकडून पुन्हा कधी पत्करावा लागला नाही. तरी 1795 च्या ग्रीनव्हिल करारात ओहायोची मोठी जमीन गेली, आणि तिच्याच एका तुकड्यावर विद्यापीठ उभं राहिलं. पुढच्या करारांनी उरलंसुरलं नेलं. 6 ऑक्टोबर 1846 रोजी इंडियानातल्या पेरू या गावातून तीनशेहून अधिक म्यामिया माणसांना सैनिकांच्या पहाऱ्यात कालव्यातल्या होड्यांवर चढवलं गेलं. त्या होड्या ज्या कालव्यानं सिनसिनाटीकडे उतरल्या तो ऑक्सफर्डपासून काही मैलांवरच्या हॅमिल्टनवरून जात होता. तिथून आगबोटींनी त्यांना कॅन्ससला नेण्यात आलं. वीसेक वर्षांनी कॅन्ससही सोडावं लागलं. 1867 च्या करारानं त्यांची रवानगी आजच्या ओक्लाहोमात झाली. काही कुटुंबांना इंडियानात राहण्याची मुभा मिळाली होती, ती तिथेच राहिली. एक समाज तीन राज्यांत विखुरला. मग वसतिशाळा आल्या, जमिनीची वाटणी आली, मजुरीसाठी घर सोडणं आलं. घरातली भाषा इंग्रजी झाली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, फार तर साठच्या दशकापर्यंत, म्यामिया अस्खलित बोलणारी शेवटची माणसं गेली होती.

ओल्ड्स ऑक्सफर्डला आले तेव्हा भाषा म्हणून जे शिल्लक होतं ते जवळजवळ सगळं कागदावर होतं.

या कागदांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुढची सगळी इमारत त्यांच्यावर उभी आहे. म्यामिया ही अल्गॉनक्विअन कुळातली भाषा. पिओरिया, वीआ, पियांकेशॉ, कॅस्कॅस्किया या शेजारी जमातींच्या बोलींसह तिला अभ्यासक मायामी-इलिनॉय म्हणतात. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून फ्रेंच जेझुइट पाद्री या लोकांत राहिले आणि त्यांनी हस्तलिखित कोश केले. एक, फादर ग्राव्हिये यांच्या नावानं ओळखला जाणारा, हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. दुसरा, फादर ल बूलांजे यांचा, प्रॉव्हिडन्सच्या जॉन कार्टर ब्राउन ग्रंथालयात. तिसरा कोश 1999 साली क्वेबेकमधल्या जेझुइटांच्या संग्रहात सापडला. ज्या जेझुइट संघाचे फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात कोकणीचं व्याकरण आणि मराठीत ‘क्रिस्तपुराण’ लिहून गेले, त्याच संघाची ही माणसं. धर्मांतरासाठी भाषा शिकायची हा हेतू इथे आणि तिथे एकच होता. तीनशे वर्षांनी त्या कोशांचा उपयोग ज्यांच्यासाठी होतोय, ते वाचक मात्र त्या पाद्र्यांनी कल्पिलेही नसतील. त्यानंतर 1890 च्या दशकात आल्बर्ट गॅटशेट यांनी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंडियानाचे इतिहासकार जेकब डन यांनी आणि 1916 मध्ये ट्रूमन मिकेल्सन यांनी हयात वक्त्यांकडून शब्द आणि कथा उतरवून घेतल्या. म्हणजे दोनशेहून अधिक वर्षांचा लेखी साठा. पण ऐकून अनुकरण करावं असं ध्वनिमुद्रण हाताशी नाही.

कागद असले म्हणजे भाषा मिळते असं नाही. फ्रेंच पाद्र्यांनी आपल्या लिपीच्या सवयीनं लिहिलं. या भाषेत स्वर ऱ्हस्व की दीर्घ यावर अर्थ बदलतो, आणि काही व्यंजनांच्या आधी येणारा हलका हकारही महत्त्वाचा असतो. जुन्या कोशांत या दोन्ही गोष्टी धड दिसत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ काय करू शकतो हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. हा गुंता सोडवला डेव्हिड कॉस्टा यांनी. 1980 च्या दशकाच्या अखेरीस बर्कलीला भाषाविज्ञान शिकत असताना त्यांनी मायामी-इलिनॉय हा विषय घेतला. एक शब्द ल बूलांजेमध्ये शोधायचा, तोच गॅटशेट आणि डन यांच्या टिपणांत गाठायचा, मग ओजिब्वे, मेस्क्वाकी, पोटावाटोमी या भगिनी भाषांतलं त्याचं रूप पाहायचं, आणि या सगळ्यांच्या मेळातून उच्चार नक्की करायचा. असे हजारो शब्द. 1994 मध्ये त्यांचा प्रबंध पुरा झाला आणि 2003 मध्ये तो पुस्तकरूपानं आला. या एका माणसाच्या चिकाटीशिवाय पुढचं काहीच शक्य झालं नसतं, असं मी नि:शंकपणे म्हणेन.

त्याच सुमारास जमातीतला एक तरुण स्वतःच्या वाटेनं याच भाषेकडे निघाला होता. डॅरिल बॉल्डविन सुतारकाम करून संसार चालवत होते. आजोबांच्या मागे राहिलेल्या कागदांत त्यांना म्यामिया शब्दांची यादी सापडली. ती वाचून दाखवणारं घरात कुणी नव्हतं. बॉल्डविन कॉलेजात गेले, कॉस्टांचं काम त्यांनी मिळवलं, आणि माँटाना विद्यापीठातून 1999 मध्ये भाषाविज्ञानाची पदव्युत्तर पदवी घेतली. पण माझ्या लेखी याहून मोठं पाऊल त्यांच्या घरात पडलं. डॅरिल आणि त्यांच्या पत्नी कॅरन यांनी चार मुलांना घरीच शिकवायचं ठरवलं आणि रोजच्या व्यवहारात म्यामिया आणली. आईवडील स्वतः शिकत होते आणि शिकलेलं त्याच दिवशी मुलांशी बोलत होते. जेवण, झोप, रागावणं, खेळ यांसाठी लागणारी कितीतरी वाक्यं पाद्र्यांच्या कोशात नव्हती. ती व्याकरण समजून घेऊन घडवावी लागली.

या घरावर पुढे एक प्रबंधच झाला. जमातीचेच सदस्य असलेले भाषावैज्ञानिक वेस्ली लेनर्ड यांनी 2007 मध्ये बर्कलीला तो सादर केला. त्या घरातली म्यामिया जुन्या वक्त्यांच्या म्यामियाची हुबेहूब नक्कल नव्हती, इंग्रजीचा ठसा तिच्यावर होता. तरी ती त्या समाजाची खरी भाषा आहे हे लेनर्ड ठामपणे मांडतात. ज्या भाषेचे लेख उरले आहेत आणि ती आपली मानणारे वंशजही आहेत, तिला मृत भाषांच्या यादीत ढकलण्याचा अधिकार बाहेरच्या तज्ज्ञांना नाही, हे त्यांचं म्हणणं आता जगभरच्या भाषा-कार्यकर्त्यांनी उचललं आहे. मला ते पटतं.

इकडे विद्यापीठाचं नातंही पुढे सरकत होतं. 1991 मध्ये जमातीच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती सुरू झाली आणि मोजके म्यामिया विद्यार्थी ऑक्सफर्डला येऊ लागले. 1996 मध्ये या नात्याची कसोटी लागली. विद्यापीठाच्या खेळाडूंचे संघ तोवर ‘रेडस्किन्स’ हे मूळ रहिवाशांना हिणवणारं नाव लावत होते. त्या नावाला आता आमचा पाठिंबा नाही, असा ठराव जमातीनं केला. विद्यापीठानं तो मानला आणि 1997 मध्ये संघांचं नाव ‘रेडहॉक्स’ झालं. माजी विद्यार्थ्यांतले अनेक जण नाराज होते, तरी विद्यापीठ मागे हटलं नाही. जमातीचा शब्द इथे मोजला जातो याची खूण पटल्याशिवाय कुणी आपली भाषा एखाद्या संस्थेच्या स्वाधीन करत नाही. पाच वर्षांनी सुरू झालेल्या कामाचा पाया तिथे पडला, असं मला वाटतं.

2001 मध्ये ‘म्यामिया प्रोजेक्ट’ स्थापन झाला. डॅरिल बॉल्डविन संचालक झाले, पुढे डेव्हिड कॉस्टाही सेंटरच्या भाषा-संशोधनाचं काम पाहू लागले. सुरुवातीचा व्याप लहान होता. पण रचना पहिल्यापासून वेगळी होती. संशोधन कशावर करायचं हे जमातीच्या गरजेवरून ठरे, आणि जमातीच्या बाजूनं ओक्लाहोमात ज्युली ओल्ड्स सांस्कृतिक विभाग सांभाळत होत्या. विद्यापीठाकडे ग्रंथालय, संगणक विभाग, वनस्पतिशास्त्र, मानसशास्त्र, कला शिकवणारी माणसं होती. ती या कामाला जोडली गेली. एखाद्या प्राध्यापकानं येऊन सामग्री गोळा करावी, शोधनिबंध छापावा आणि निघून जावं, हा अनुभव जगातल्या बहुतेक लहान भाषांच्या वाट्याला आला आहे. इथे तो क्रम उलटा केला गेला.

फळं भराभर दिसू लागली. 2005 मध्ये बॉल्डविन आणि कॉस्टा यांचा मायामी-पिओरिया शब्दकोश छापून झाला. 2010 मध्ये कॉस्टांनी संपादित आणि अनुवादित केलेला कथांचा संग्रह आला. त्यात हिवाळी कथाही आहेत. या कथा हिवाळ्यातच सांगायच्या असा दंडक आहे आणि जमात तो आजही पाळते; ओक्लाहोमात जानेवारीच्या मेळाव्यात त्या सांगितल्या जातात. शब्दकोश पुढे संगणकावर आला. चांद्र दिनदर्शिका निघाली, तिच्यातल्या महिन्यांना म्यामिया नावं. वनस्पतींची नावं आणि त्यांचे उपयोग यावर विद्यापीठातच एक डॉक्टरेट झाली. पांढऱ्या मक्याचं जुनं वाण पुन्हा पेरलं गेलं. रेशमी फितींचे तुकडे कापून, दुमडून, शिवून नक्षी करण्याची कला कार्यशाळांतून परत शिकवली जाऊ लागली. भाषा शिकवायची तर ती कशाबद्दल बोलायची हेही शिकवावं लागतं, हे या लोकांनी फार लवकर ओळखलं होतं.

2003 पासून शिष्यवृत्तीवर येणाऱ्या म्यामिया विद्यार्थ्यांसाठी दर सत्राला एक खास वर्ग भरू लागला. पहिली तीन वर्षं आळीपाळीनं जमातीचा इतिहास आणि निसर्गाशी असलेलं नातं, भाषा आणि संस्कृती, आणि आजच्या जमातीचे सार्वभौमत्वाचे प्रश्न. चौथ्या वर्षी प्रत्येकाचा स्वतःचा प्रकल्प. यांतले बरेच जण कॅलिफोर्नियात, कॅन्ससमध्ये, कुठेकुठे वाढलेले. दुसऱ्या म्यामिया तरुणाला ऑक्सफर्डला येऊन पहिल्यांदा भेटलेले. या वर्गाचा एक परिणाम आकड्यांत दिसतो. पूर्वी या विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून थोडेच अधिक पदवीपर्यंत पोचत; वर्ग सुरू झाल्यावर ते प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर गेलं. पदवीधरांची संख्या आता शंभराच्या पुढे आहे. भाषा शिकवणं म्हणजे मुलांच्या ‘खऱ्या’ शिक्षणातून वेळ काढून घेणं, असं मानणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत.

लहान मुलांसाठीचं उन्हाळी शिबिर 2005 मध्ये ओक्लाहोमात सुरू झालं. दहा ते सोळा वयोगटासाठीच्या या शिबिराचं नाव एवान्सापिता. नंतर तसंच शिबिर इंडियानात फोर्ट वेनलाही भरू लागलं. भाषेबरोबर लाक्रोसचा पारंपरिक खेळ, जुन्या फाशांचे खेळ, रानात फिरणं, नकाशे. शिबिरात लहानपणी आलेली मुलं पुढे ऑक्सफर्डला शिकायला आली, आणि त्यांच्यातले काही परतून शिबिरात शिकवू लागले. 2013 मध्ये प्रोजेक्टचं ‘म्यामिया सेंटर’ झालं. 2016 मध्ये बॉल्डविन यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, सहा लाख पंचवीस हजार डॉलरची. 2017 मध्ये विद्यापीठ आणि जमात यांच्या नात्याचं खास बोधचिन्ह आलं, फितींच्या नक्षीवर बेतलेलं. 2022 मध्ये ओल्ड्स यांच्या भेटीला पन्नास वर्षं झाली, तेव्हा दोन्ही बाजूंनी वर्ष साजरं केलं.

इथे शेजाऱ्यांकडे बघायला हवं, कारण म्यामियांचा मार्ग सगळ्यांना लागू पडत नाही. पोटावाटोमी हे इंडियाना-मिशिगनमधले त्यांचे जुने शेजारी, भाषाही त्याच अल्गॉनक्विअन कुळातली. त्यांनाही असंच हाकललं गेलं: 4 सप्टेंबर 1838 रोजी इंडियानातल्या ट्विन लेक्स इथून साडेआठशेहून अधिक माणसं कॅन्ससकडे चालत निघाली, वाटेत चाळीसहून अधिक गेली, त्यांत बहुतेक मुलं. आज अमेरिकेत संघराज्याची मान्यता असलेल्या सात पोटावाटोमी जमाती आहेत, ओक्लाहोमा, कॅन्सस, विस्कॉन्सिन आणि मिशिगन-इंडियानात पसरलेल्या. काही वस्ती कॅनडात. त्यांची भाषा कधी पूर्ण थांबली नाही. चार्ल्स हॉकेट या भाषावैज्ञानिकानं 1930 च्या दशकात विस्कॉन्सिनमध्ये तिचा अभ्यास केला तेव्हा ती घराघरांत होती. 1990 च्या दशकात पन्नासेक अस्खलित वक्ते मोजले गेले. पुढे ती संख्या दहाच्या खाली आली. त्यामुळे तिथे सगळी घाई ज्येष्ठांच्या सहवासाची. पोकेगन जमातीनं तरुणांना विस्कॉन्सिनच्या फॉरेस्ट काउंटीतल्या ज्येष्ठांकडे भाषा शिकायला धाडलं. फॉरेस्ट काउंटीच्या जमातीनं 2014 मध्ये शब्दकोश छापला. ओक्लाहोमात शॉनी इथली सिटिझन पोटावाटोमी जमात ऑनलाइन कोश, चित्रफिती, पाळणाघर आणि हायस्कूलचे वर्ग चालवते. पण सात सरकारं, एकाहून अधिक लेखनपद्धती, बोलीत फरक, आणि शिकवणाऱ्या ज्येष्ठांचं वय. म्यामियांना आवाज मिळाला नाही, पण घाईही नव्हती. शिवाय जमात एक, लिपी एक, संस्था एक. पोटावाटोमींकडे अजून आवाज आहे आणि वेळ कमी. कुणाचं काम सोपं, हे ठरवण्याच्या फंदात मी पडणार नाही.

मात्र कागदांतून भाषा काढायची वेळ ज्यांच्यावर आली आहे त्यांच्यासाठी म्यामिया सेंटरकडे शिकवण्यासारखं बरंच आहे, आणि ते त्यांनी मोकळ्या हातानं वाटलं. कॅलिफोर्नियातल्या जमातींसाठी बर्कलीत 1990 च्या दशकात ‘ब्रेथ ऑफ लाइफ’ ही कार्यशाळा सुरू झाली होती. तिची राष्ट्रीय आवृत्ती 2011 मध्ये वॉशिंग्टनला भरली. जमातींतली माणसं स्मिथसोनियन आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहांत जात, भाषावैज्ञानिक सोबतीला बसत, आणि आपल्याच पणजोबांनी सांगितलेले शब्द कसे वाचायचे ते शिकत. बॉल्डविन या उपक्रमाच्या संचालकांपैकी एक होते, पुढे तो उपक्रमच म्यामिया सेंटरकडे आला. ल बूलांजेचं हस्तलिखित हाताळताना सेंटरनं स्वतःसाठी एक संगणकप्रणाली बांधली होती. हस्तलिखिताच्या पानाचं चित्र, त्यातली फ्रेंच नोंद, तिचं इंग्रजी भाषांतर, आजच्या म्यामिया लेखनातलं रूप आणि व्याकरणाची फोड, हे सगळं तिथे एका जागी दिसतं. आता तीच प्रणाली इतर जमातींसाठीही खुली केली आहे, आणि आपला कोणता मजकूर कुणाला दिसावा हे त्या त्या जमातीच्या हातात ठेवलं आहे. संग्रहालयांत वर्षानुवर्षं कुलुपात पडलेल्या कागदांचा मालकीहक्क निदान एवढ्यापुरता तरी योग्य ठिकाणी परत गेला, याचा मला मनापासून आनंद आहे.

जे झालं नाही तेही सांगायला हवं. म्यामियात अस्खलित संभाषण करणारी माणसं अजून मोजकी आहेत. जमातीच्या पाच हजारांहून अधिक सदस्यांपैकी बहुतेकांना शब्द, अभिवादनं, प्रार्थना, काही वाक्यं येतात, आणि अनेकांना तेवढंही नाही. बॉल्डविन यांच्या घरात जे झालं ते शेकडो घरांत व्हायला लागणारा वेळ, पैसा आणि जवळपासची सोबत विखुरलेल्या समाजाकडे नाही. 1846 मध्ये इंडियानात राहिलेल्यांची संघराज्याची मान्यता 1897 मध्ये काढून घेण्यात आली आणि ती अजून परत मिळालेली नाही. त्यामुळे एकाच भाषेच्या लोकांत सरकारी कागदांनी आखलेली रेघ तशीच आहे. फोर्ट वेनचं शिबिर त्या रेघेच्या पलीकडेही पोचायचा प्रयत्न करतं.

सेंटर मात्र वक्त्यांची संख्या हाच एक आकडा धरून बसत नाही. शिबिरात कोण येतं, कोण परत येतं, घरी जाऊन काय वापरलं जातं, जमातीच्या कामात तरुण किती उतरतात, याचा अभ्यास करणारा एक गट तिथे आहे. 2005 च्या पहिल्या शिबिरातली मुलं आता तिशीत पोचली आहेत. त्यांच्यातले किती जण आपल्या बाळांशी म्यामियात बोलतात, यावर सेंटरचं पुढचं काम ठरणार आहे.